‘रिलक्टंट’ : इंग्रजीतला एक शब्द पुरता शिकण्याची रीत

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी नोकरीला लागले, तेव्हा बाहेरगावच्या पुरवठादारांची इंग्रजी पत्रे वाचून त्यांचा चार ओळींचा मराठी गोषवारा साहेबांच्या टेबलावर ठेवणे हे माझे रोजचे काम होते. एका पत्रात ‘वुई आर रिलक्टंट टू रिड्यूस द रेट’ असे वाक्य आले. मी टेबलाच्या खणातला छोटा इंग्रजी-मराठी कोश उघडला, त्यात ‘नाखूश, अनिच्छुक’ असे दोन अर्थ मिळाले, आणि मी गोषवाऱ्यात ‘दर कमी करण्यास पुरवठादार तयार नाही’ असे लिहून मोकळी झाले. साहेबांनी ते वाचून त्या पुरवठादाराचे नाव यादीतून काढले आणि तोच माल दुसरीकडून, थोड्या जास्त दराने मागवला. दोन महिन्यांनी त्या पुरवठादाराचा माणूस दुसऱ्या कामासाठी आला असता त्याने आश्चर्याने विचारले, ‘आमच्या पत्रानंतर तुम्ही पुन्हा विचारलेच नाही? थोडे ताणून धरले असते तर दर खाली आला असता.’

त्या दिवशी तो शब्द मला ‘येत नव्हता’ असे म्हणता येणार नाही. त्याचे स्पेलिंग मला येत होते, उच्चार बऱ्यापैकी येत होता आणि मराठी प्रतिशब्दही मी कोशात पाहिला होता. तरी अर्थ हुकला, कारण प्रतिशब्दाने अर्थाची दिशा कळते, हद्द कळत नाही. आता नोकरीतून निवृत्त झाल्यावर नौपाड्यात दर रविवारी सकाळी दहाबारा प्रौढ विद्यार्थ्यांबरोबर मी इंग्रजी वाचायला बसते. त्यांत ऐरोली आणि महापे येथील कार्यालयांत काम करणारी मुले असतात, परिचारिका असतात, बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुली असतात. आम्ही आठवड्याला एकच शब्द घेतो. हा वेग फारच कमी आहे असे नवा विद्यार्थी पहिल्या रविवारी हमखास म्हणतो. एका शब्दाला आठवडा कसा लागतो आणि तो कशात खर्च करावा, हे मी याच शब्दाच्या आधाराने सांगते.

शब्द निवडताना कठीण शब्दांच्या तयार याद्या बाजूला ठेवाव्यात. ज्या शब्दाची महिन्याभरात आपल्याच वाचनात किंवा कामात दोनतीनदा गाठ पडली, तोच घ्यावा. ‘रिलक्टंट’ हा असा शब्द आहे. इंग्रजी वर्तमानपत्रात तो सतत दिसतो, कार्यालयीन मेलमध्ये येतो आणि स्पर्धा परीक्षांच्या समानार्थी शब्दांच्या प्रश्नांतही भेटतो.

शब्द भेटला की सर्वात आधी तो ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य वहीत उतरवून घ्यावे, आणि ते कुठे वाचले हेही शेजारी लिहावे. आमच्या वर्गात दोनशे पानी वही असते, एका शब्दाला समोरासमोरची दोन पाने, आणि त्यांतले उजवे पान पहिले तीन दिवस कोरे ठेवायचे असते. कोश उघडण्यापूर्वी त्या वाक्यावरून अर्थाचा अंदाज बांधून तो पेन्सिलीने लिहावा. अंदाज चुकला तरी चालेल, किंबहुना चुकलेला अंदाज अधिक उपयोगाचा असतो, कारण पुढे खरा अर्थ कळल्यावर दोहोंमधला फरक मनात पक्का बसतो. नुसता शब्द उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र अंदाज बांधायला काहीच उरत नाही, आणि तो थेट कोशातला पहिला प्रतिशब्द उचलतो. मी नेमके हेच केले होते.

उच्चाराचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते टाळू नये. शब्दाची अक्षरे आर, ई, एल, यू, सी, टी, ए, एन, टी अशी नऊ आहेत. उच्चाराचे तुकडे तीन, रि-लक्-टंट. जोर मधल्या तुकड्यावर आहे, आणि तो ‘लक्’ आपल्या ‘लकाकी’तल्या ‘लक’सारखा उच्चारावा. ‘यू’ हे अक्षर पाहून ‘रिलुक्टंट’ म्हणण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा. मराठीत शब्दाचा प्रत्येक तुकडा आपण जवळजवळ सारख्या जोराने उच्चारतो, त्यामुळे शेवटचा ‘टंट’ही आपण ठासून म्हणतो. इंग्रजीत जोर नसलेल्या तुकड्यातला स्वर पुसट होतो, म्हणून तो ‘टंट’ घाईघाईने, हलका म्हणावा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे विद्यार्थी-कोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्यांत ब्रिटिश व अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकता येतात. उच्चारलेखनात ज्या तुकड्याच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते, त्या तुकड्यावर जोर द्यायचा असतो. लिहिताना शेवट ‘ए-एन-टी’ असा आहे, ‘ई-एन-टी’ नव्हे, हे एकदा मोठ्याने म्हणून घ्यावे.

आता कोश. आपल्याकडे शिकणारा माणूस प्रथम इंग्रजी-मराठी कोश उघडतो आणि बहुधा तिथेच थांबतो. हा क्रम उलटा करावा असे माझे ठाम मत आहे. प्रथम शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश पाहावा, आणि द्विभाषिक कोश दोन दिवसांनी. विद्यार्थ्यांना इंग्रजी-इंग्रजी कोशाची भीती वाटते, कारण एक शब्द शोधायला जावे तर व्याख्येतले आणखी चार शब्द अडतात, असा त्यांचा अनुभव असतो. तो अनुभव मोठ्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या कोशाचा आहे. विद्यार्थी-कोश वेगळे असतात. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत, आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ साली तोक्योत प्रथम छापला गेला. आजचा ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश त्याच कोशातून वाढला. लाँगमनच्या १९७८ सालच्या कोशाने तर सर्व व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांच्या मर्यादेत लिहिल्या. म्हणजे दहावीपर्यंतचे इंग्रजी ज्याला बऱ्यापैकी येते, त्याला या व्याख्या वाचता येतात.

अशा कोशात व्याख्येइतकेच लक्ष उदाहरणांच्या वाक्यांकडे द्यावे. ती वाक्ये वहीच्या डाव्या पानावर उतरवून घ्यावीत आणि प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. हे वाटणे कोणाचे आहे? ते कोणत्या कृतीविषयी आहे? आणि ती कृती शेवटी घडते की नाही? ‘रिलक्टंट’च्या बाबतीत सगळे मर्म तिसऱ्या प्रश्नात आहे. ‘ही रिलक्टंटली अग्रीड’ या वाक्यात माणूस अखेर कबूल झालेला आहे. ‘शी वॉज रिलक्टंट टू साइन, बट शी साइन्ड’ यात सही झालेली आहे. ‘दे आर रिलक्टंट टू रिड्यूस द रेट’ यात दर कमी होईल की नाही हे अजून ठरायचे आहे. तिन्ही वाक्यांत मनाची ओढ उलट दिशेला आहे, पण एकाही वाक्यात ठाम नकार नाही. ज्या माणसाने नाही म्हणून विषय संपवला, तो ‘रिलक्टंट’ उरलेलाच नसतो.

लॅटिन मूळ पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. लॅटिनमध्ये ‘लुक्तारी’ म्हणजे कुस्ती खेळणे, झटापट करणे, आणि ‘रे’ हा उपसर्ग इथे विरोध दाखवतो. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा त्याला प्रत्यक्ष झगडण्याचा, विरोध करण्याचा अर्थही होता. पुढे ती झटापट माणसाच्या मनात गेली. मनात कुस्ती चालू आहे, अजून कोणाची पाठ मातीला लागलेली नाही, किंवा लागली असली तरी हरलेली बाजू अजून धुसफुसते आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मूळ शोधणे हे लक्षात ठेवण्याचे साधन आहे, आजच्या अर्थाचा पुरावा म्हणून ते वापरू नये, हेही विद्यार्थ्यांना मी बजावते, कारण पुष्कळ शब्द आपल्या मुळापासून फार दूर गेलेले असतात. या शब्दात मात्र मूळ आणि आजचा अर्थ अजून एकमेकांना ओळखतात.

इथपर्यंत आल्यावर मराठीकडे वळावे, पण कोशातल्या शब्दाकडे नव्हे, आपल्या बोलण्याकडे. छोट्या कोशातला ‘नाखूश’ हा शब्द इथे दगा देतो. मराठीत ‘नाखूश’चे दोन अर्थ आहेत, एखादी गोष्ट करायला अनिच्छुक आणि झालेल्या गोष्टीवर असमाधानी. ‘रिलक्टंट’मध्ये फक्त पहिला अर्थ आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलाने ‘आय अ‍ॅम रिलक्टंट विथ माय सॅलरी’ असे लिहिले होते. पगारावर तो नाखूश होता हे खरे, पण ते सांगायला ‘अनहॅपी’ हा साधा शब्द हवा होता. ‘अनिच्छुक’ हा प्रतिशब्द चुकीचा नाही, मात्र तो आपण घरात कधी उच्चारत नाही, म्हणून त्याच्याशी कोणतीही आठवण जोडलेली नसते आणि परकीय शब्दाला टेकायला जागा मिळत नाही.

याउलट आपल्या रोजच्या मराठीत या एका भावनेसाठी किती जागा आहेत ते पाहावे. पावसाळ्यात पहाटे साडेपाचला उठून ठाणे स्टेशन गाठायचे आपल्या ‘जिवावर येते’. तरी आपण उठतो आणि लोकल पकडतो. हे ‘जिवावर येणे’ म्हणजेच ‘रिलक्टंट’. मुलगी माहेरून निघताना तिचा ‘पाय निघत नाही’, तेव्हा इंग्रजीत ‘शी इज रिलक्टंट टू लीव्ह’ म्हणतात. एखादा शेजारी सोसायटीचा सचिव व्हायला ‘आढेवेढे घेतो’ आणि शेवटी ‘हो-ना करता करता’ तयार होतो, तेव्हा तो ‘रिलक्टंटली’ तयार झालेला असतो. खर्च करताना ज्याचा ‘हात आखडतो’ तो ‘रिलक्टंट टू स्पेंड’. उसने पैसे द्यायला जो ‘का-कू करतो’ तो ‘रिलक्टंट टू लेंड’. म्हणजे इंग्रजीत जिथे एकच शब्द आहे तिथे मराठीत कृती पाहून वेगवेगळे वाक्प्रचार येतात, आणि इंग्रजीतून मराठीत येताना ‘टू’च्या पुढचे क्रियापद कोणते आहे हे पाहिल्याखेरीज योग्य मराठी सुचत नाही. हे वाक्प्रचार वहीच्या उजव्या पानावर लिहावेत. ते कोशात शोधत बसू नये, आईला किंवा आजीला विचारावे. ‘करायचे तर आहे, पण मन होत नाही, हे तुम्ही कसे म्हणाल?’ एवढा एक प्रश्न घरी विचारला तर पानभर मराठी मिळते.

काही वाक्प्रचार जवळचे वाटतात, पण हद्दीबाहेरचे असतात, त्यांवर काट मारण्याचेही काम याच वेळी उरकावे. ‘नाक मुरडणे’ यात तुच्छता आहे, ती ‘रिलक्टंट’मध्ये नाही. ‘मन धजत नाही’ यात भीती आहे. भीतीपोटी माणूस ‘रिलक्टंट’ होऊ शकतो, पण भीती हा या शब्दाचा अर्थ नव्हे. ‘टाळाटाळ करणे’ ही बाहेर दिसणारी कृती झाली, तर ‘रिलक्टंट’ हे मनाच्या स्थितीचे विशेषण आहे.

यानंतर शब्दाचे सोबती पाहावेत. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली असा विचार मांडला की शब्दाची ओळख त्याच्या सोबतीला येणाऱ्या शब्दांवरून होते. संगतीवरून माणूस ओळखणाऱ्या आपल्या लोकांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. ‘रिलक्टंट’चा सर्वात जवळचा सोबती म्हणजे ‘टू’ आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप. ‘रिलक्टंट टू अ‍ॅडमिट’, ‘रिलक्टंट टू टॉक’, ‘रिलक्टंट टू अ‍ॅक्सेप्ट’, ‘रिलक्टंट टू लीव्ह’ या जोड्या पुन्हा पुन्हा भेटतात. आधी येणारे सोबती म्हणजे ‘इनिशियली’, ‘अंडरस्टँडबली’, ‘समव्हॉट’. ‘इनिशियली रिलक्टंट’ दिसले की पुढे माणूस तयार झाला असणार हे वाक्य संपण्यापूर्वीच कळते. ‘अंडरस्टँडबली रिलक्टंट’ म्हणजे त्याची अनिच्छा लिहिणाऱ्याला रास्त वाटते. नामाच्या आधीही हे विशेषण बसते. इच्छा नसताना साक्ष द्यावी लागणारा तो ‘रिलक्टंट विटनेस’. मराठी वृत्तपत्रांत ज्याला ‘फितूर साक्षीदार’ म्हणतात तो निराळा, त्याला इंग्रजीत ‘होस्टाइल विटनेस’ म्हणतात.

मराठी माणसाच्या चुका बहुतेक याच ठिकाणी होतात, म्हणून एक चूक जवळून पाहू. ऐरोलीच्या एका कार्यालयात काम करणाऱ्या विद्यार्थिनीला आपली बदली नको होती. तिने मेलचा मसुदा आणला, त्यात ‘आय अ‍ॅम रिलक्टंट फॉर ट्रान्स्फर’ असे होते. मराठीत ‘मी बदलीसाठी तयार नाही’ असे आपण म्हणतो, त्या ‘साठी’चे ‘फॉर’ झाले. मी तिला विचारले, ‘बदलीच्या बाबतीत तुला नेमके काय करावेसे वाटत नाही?’ ती म्हणाली, ‘स्वीकारावीशी वाटत नाही.’ मग ‘स्वीकारणे’ हे क्रियापद वाक्यात आणले, आणि ‘आय अ‍ॅम रिलक्टंट टू अ‍ॅक्सेप्ट द ट्रान्स्फर’ असे वाक्य उभे राहिले. ‘रिलक्टंट’च्या पुढे वस्तू किंवा नाम ठेवून भागत नाही, कृती सांगावी लागते. ‘आय अ‍ॅम रिलक्टंट टू धिस प्रपोजल’ हेही याच कारणाने चूक. तिथे ‘टू’ आहे, पण त्यापुढे क्रियापद नाही.

त्याच मेलमध्ये आणखी एक प्रश्न होता, स्वराचा. ‘आय अ‍ॅम रिलक्टंट’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की हिचे मन वळवता येईल. मला दर कमी करून मिळाला असता तो याच कारणाने. पण कार्यालयीन इंग्रजीत ‘आय वुड बी रिलक्टंट टू चेंज द डेट अ‍ॅट धिस स्टेज’ असे वाक्यही येते, आणि ते बहुतेक वेळा सभ्य शब्दांतला नकारच असतो. ‘वुड बी’ने वाक्य मऊ होते, आणि एवढे मऊ बोलणारा माणूस बहुधा ‘कृपया आग्रह करू नका’ असेच सुचवत असतो. अशा वेळी शब्दाचा अर्थ बदललेला नसतो, बोलणाऱ्याने त्याचा आडपडद्यासारखा उपयोग केलेला असतो. हे ओळखायला कोश पुरत नाही, तशी चारपाच वाक्ये त्यांच्या मागच्या-पुढच्या मजकुरासह वाचावी लागतात.

शेजारच्या शब्दांशी तुलना केल्यावर हद्द पूर्ण आखली जाते. ‘अनविलिंग’ हा शब्द अधिक कठोर आहे, त्यात तयारीच नाही. माझ्या गोषवाऱ्यातले ‘तयार नाही’ हे ‘अनविलिंग’चे भाषांतर होते. ‘हेझिटंट’ म्हणजे ज्याचे अजून ठरत नाही तो. घोडबंदर रस्त्यावरच्या घरासाठी टोकन द्यावे की थांबावे अशा द्विधेत असलेला माणूस ‘हेझिटंट’ आहे. घर घ्यायचे ठरले, पण बचत मोडायला ज्याच्या जिवावर येते तो ‘रिलक्टंट’. ‘अव्हर्स’ या शब्दाच्या पुढे ‘टू’ येते, पण त्यानंतर नाम चालते, ‘अव्हर्स टू रिस्क’ असे, आणि त्यातली नावड कायमच्या स्वभावाची असते. ‘लोथ’ हा शब्द लेखी भाषेतला आणि अधिक तीव्र. त्याला ‘ई’ जोडून होणारे क्रियापद म्हणजे तिरस्कार करणे, म्हणून दोहोंत गल्लत करू नये. सर्वात फसवा शेजारी ‘रेटिसंट’. तो बोलण्यापुरता आहे, मितभाषी, मनातले सहसा न सांगणारा. अलीकडे इंग्रजी लेखनातही तो ‘रिलक्टंट’च्या जागी वापरलेला दिसतो, आणि चोखंदळ संपादक त्याला हरकत घेतात. शिकणाऱ्याने तो बोलण्यापुरताच ठेवावा.

शब्दाच्या घरातली बाकीची माणसे फार नाहीत. ‘रिलक्टंटली’ हे क्रियाविशेषण, ‘रिलक्टन्स’ हे नाम, आणि नामापुढेही ‘टू’ व क्रियापद, जसे ‘हिज रिलक्टन्स टू स्पीक’. आयटीआयमध्ये विजेचे काम शिकणाऱ्या एका मुलाने हा शब्द ऐकून चटकन हात वर केला होता. त्याच्या अभ्यासात ‘रिलक्टन्स’ होता, पण तो मनाचा नव्हता, चुंबकाचा होता. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८८ साली चुंबकीय प्रवाहाला होणाऱ्या विरोधाला हे नाव दिले. लोखंडातून हा प्रवाह सहज जातो, हवेच्या फटीतून कष्टाने जातो, म्हणून फटीचा ‘रिलक्टन्स’ जास्त. जातो, पण मोठ्या नाखुशीने! त्या मुलाला साधा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःची वाक्ये लिहावीत, किमान पाच, आणि ती स्वतःच्या जगण्यातली असावीत. पाठ्यपुस्तकी ‘द किंग वॉज रिलक्टंट’ असली वाक्ये लिहू नयेत. राजाशी आपला संबंध नाही, त्यामुळे वाक्य चुकले तरी आपल्याला ते खटकत नाही. वाशीच्या बाजारात दर सोडायला का-कू करणारा व्यापारी, ओपीडीत दुखणे सांगायला संकोचणारी म्हातारी बाई, रविवारी वर्गाला यायला कंटाळणारा आपला भाऊ, अशी माणसे वाक्यांत आणावीत. प्रत्येक वाक्य लिहून झाले की पुन्हा तोच प्रश्न विचारावा, ही कृती ठाम नाकारली आहे का? तसे असेल तर शब्द बदलावा. परिचारिकेचे काम करणाऱ्या विद्यार्थिनीने म्हातारीविषयी लिहिताना आधी ‘रिलक्टंट’ लिहिले, मग ती बाई स्वभावानेच कमी बोलते हे आठवून ‘रेटिसंट’ केले, आणि शेवटी, ‘नाही, ती शेजारणींशी भरपूर बोलते, फक्त दुखणे सांगायचे तिच्या जिवावर येते’ असे म्हणून पुन्हा ‘रिलक्टंट टू टॉक अबाउट हर पेन’ असे केले. त्या पानावरची खाडाखोड मी तिला पुसू दिली नाही.

इथे उलट दिशेने तपासणी करण्याचा एक उपाय आहे. ‘आढेवेढे’, ‘का-कू’ असे आपण जमवलेले मराठी शब्द मराठी-इंग्रजी कोशात पाहावेत आणि तिथे इंग्रजीत काय दिले आहे ते वाचावे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. ही दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य शोधता येते. त्यातले इंग्रजी जुन्या वळणाचे आहे, म्हणून ते तसेच उचलून मेलमध्ये घालू नये, पण मराठी वाक्प्रचारांच्या छटा त्यात ज्या बारकाईने नोंदल्या आहेत, त्या वाचून आपल्याच भाषेकडे आपण नीट पाहायला लागतो. हातात पुस्तक घेऊन बसायचे असेल तर ठाणेकरांना १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच.

उजळणी घोकंपट्टीसारखी एका बैठकीत करू नये. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःच्या स्मरणावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले सर्वात झपाट्याने पहिल्या काही तासांत आणि दिवसांत विसरते, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, आणि उजळणी अंतराअंतराने केली तर कमी श्रमात जास्त टिकते, असे त्यांना आढळले. म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अशी चारदा वही उघडतो. दर वेळी आधी वही मिटलेली ठेवून एक नवे वाक्य मनात जुळवायचे आणि मगच पान पाहायचे. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये ऐरोली ते तुर्भे एवढा वेळ त्याला पुरतो. नुसते पान पुन्हा वाचले तर सगळे येते असा भास होतो. मिटल्या वहीने जे जुळते तेवढेच आपले.

महिन्यानंतरच्या उजळणीला कोपरखैरणेच्या एका विद्यार्थिनीने नवे वाक्य आणले. नौपाड्यातली त्यांची जुनी चाळ पुनर्विकासात जाणार होती, सामान बांधून झाले होते आणि आई मोकळ्या खोलीत उंबऱ्याशी बसून होती. तिने आधी ‘माय मदर वॉज अनविलिंग टू लीव्ह’ असे लिहिले होते. वर्गात वाचून दाखवताना ती मध्येच थांबली, पेन घेऊन ‘अनविलिंग’ खोडले आणि वर ‘रिलक्टंट’ लिहिले. मी कारण विचारले. ती म्हणाली, ‘करारावर सही तर आईनेच सगळ्यांच्या आधी केली होती.’